न विसळलेली बाटली

शनिवारची दुपार. जेवण अंमळ जड झालंय. खिडकीत तपासणीची बाटली आहे, तिच्याकडे बघत बघत मी कलंडते. काल पहाटे तळ्यावर जाऊन ती भरली. पाणी घाण असेल तर दिवसभरात काळं पडतं. हे अजून नितळ आहे. म्हणून सकाळीच मी आमच्या स्वयंसेवकांच्या ग्रुपवर कळवून टाकलं, पाणी पोहण्याजोगं आहे. उद्या तळ्यात मुलांची स्पर्धा आहे, आणि माझी गार्गी त्यात आहे.

डोळा लागतो न लागतो तोच मोरीतला नळ वाहायला लागतो. नलूताई पाठमोऱ्या बसल्यात. गेल्या श्रावणात त्या गेल्या. तोवर आम्ही दोघी मिळूनच नावेतून तपासणीचं पाणी आणायचो.

“ताई, तुम्ही?”

“बाटली कशी भरलीस ते दाखव बघू.”

मी बाटली घेते, दोनदा विसळते आणि भरते. भांडं विसळल्याशिवाय पाणी भरायचं नाही, हे अंगवळणीच पडलंय.

“विसळलीस,” ताई म्हणतात. त्या रागावत नाहीत, त्याचीच मला भीती वाटते. “तळाशी औषध असतं ना गं? ते धुऊन टाकलंस. आता गटाराचं पाणी भरलंस तरी नितळच दिसेल.”

मोरीत पाणी चढतंय. उंबऱ्यापलीकडे स्वयंपाकघर नाही, नावांचा धक्का आहे. गार्गी टोपी घालून काठावर उभी आहे.

“ताई, तिला थांबवा.”

“माझं कुठे ऐकू जातंय तिला? आणि तूच सांगितलंयस ना, पाणी चांगलं आहे म्हणून.”

मी हाक मारते, आवाज फुटत नाही. गार्गी सूर मारते. पाणी तिच्यावर मिटतं. ताई वाकून शांतपणे एक बाटली भरून घेतात.

जाग येते तेव्हा पाच वाजायला आलेत. मी घामाने भिजलेय. खुंटीवर गार्गीची पोहायची पिशवी नाही. आज पाचला तळ्यावर सराव आहे. तिला फोन लावते, ती उचलत नाही. फोन कानाला धरूनच मी खिडकीशी जाते.

बाटली मी एकच भरली होती. तिथे दोन आहेत. दुसरी डांबरासारखी काळी आहे, आणि तिच्यावरच्या चिठ्ठीवर नलूताईंचं बारीक, तिरकं अक्षर: ‘शनिवार. न विसळता.’

मी फोटो काढते आणि ग्रुपवर टाकते. खाली लिहिते, “कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. मी बाटली विसळली होती.”