मीटर लावून निवडलेला कारवानी

हे बघा, चहा येईपर्यंत सांगून टाकतो, पण एक कबूल करा. हसायचं असेल तर शेवटी हसा, मधे नको. मधे कुणी हसलं की मी स्वतःला वाचवायला दोन गोष्टी जास्तीच्या घुसडतो. आणि आता वाचवायचं तरी काय उरलंय म्हणा! लातूरच्या सगळ्या गंजगोलाई बाजाराला हा किस्सा पाठ आहे, तुम्हीच तेवढे राहिलात.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर नवे, पाट्या नव्या, कचेरीचा रंग नवा. जुना होता तो फक्त दुष्काळ. नळ आठवड्यातून एकदा यायचा आणि खोकून निघून जायचा. पण नवा जिल्हा म्हटल्यावर काहीतरी दणक्यात व्हायला नको? व्यापारी मंडळानं ठरवलं, जनावरांचं प्रदर्शन भरवायचं. बैल आणावेत तर ते चारा छावणीत बांधलेले, त्यांना उभं राहायचं त्राण नाही. मग कुणीतरी म्हणालं, कारवानी कुत्र्यांचं भरवू. कारवानी म्हणजे आपल्या भागातलं शिकारी कुत्रं. सशामागं सुटलं की नुसती रेघ दिसते. ज्याच्याकडे अस्सल कारवानी आहे, तो माणूस बायकोपेक्षा त्याची जास्त काळजी घेतो.

आणि बक्षीस काय ठेवलं होतं? ढाल नाही, फेटा नाही. पहिल्या नंबरच्या गावाला महिनाभर रोज एक टँकर पाणी! त्या वर्षी याच्यापुढं सोन्याचं कडंसुद्धा कुणी उचललं नसतं.

आता माझा यात काय संबंध? मी कापडाचा दुकानदार. सुती, टेरिकॉट, खण, धोतरं. कुत्र्यांबद्दल मला एवढंच ठाऊक की ती पायरीवर बसतात. आमच्या दुकानाच्या पायरीवरही एक बसायचं. मातीत लोळून लोळून मातीच्याच रंगाचं झालेलं. आमची मंडळी त्याला बंड्या म्हणायची आणि चतकोर भाकरी टाकायची. ते तोंड लावतंय न लावतंय तोच मी कापड मोजायचा लोखंडी मीटर पायरीवर खाणकन आपटून त्याला हाकलायचो. रोजचं होतं ते. दुकान उघडलं की गणपतीला उदबत्ती आणि कुत्र्याला मीटर.

घात केला माझ्या जिभेनं. एकदा हॉटेलात बसून मी बोलून गेलो, "अस्सल माल मला बोटाला कळतो. कापड असू द्या नाहीतर जनावर!" समोर मंडळाचे अध्यक्ष बसले होते, बसवराजमामा. त्यांनी ते वाक्य मनात ठेवलं. परीक्षक म्हणून नांदेडहून बदलून आलेले गुरांचे डॉक्टर ठरले होते. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांना छावणीवर जायचा हुकूम आला. मामा थेट माझ्या दुकानात आले.

"अण्णा, तुमीच परीक्षक."

"मामा, मी?"

"बोटाला कळतं म्हनलाव न्हवं? मग लावा बोट."

मी धावत डॉक्टरांकडे गेलो. ते जीपमध्ये बसले होते. इंजिन चालू ठेवूनच त्यांनी मला सगळं शास्त्र शिकवलं. "अण्णा, तीनच गोष्टी बघा. तोंड लांब पाहिजे, छाती खोल पाहिजे, पोट पाठीला लागलेलं पाहिजे. बाकी मनावर घेऊ नका." आणि जीप गेली.

पोट पाठीला लागलेलं! दुष्काळात! तुम्ही हुशार, तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं.

घरी येऊन मी जाहीर केलं, "उद्या वशिला चालणार न्हाई. प्रत्यक्ष माझा बाप येऊन उभारला तरी नंबर देणार न्हाई!"

मंडळी भाकरी थापता थापता म्हणाली, "मामंजी कशाला येतील? कुत्र्यांचं हाय की."

पण माझा निश्चय पक्का. रात्रभर मी तोंड-छाती-पोट घोकलं. सकाळी टोपी घातली, मीटर घेतला आणि निघालो. पायरी रिकामी होती. म्हटलं, चला, शुभ शकुन.

मैदानावर ही गर्दी! सगळ्यात पुढं निलंग्याकडचे एक देशमुख, जीपमधून उतरलेले. त्यांची कुत्री बिजली. काय जनावर होतं! पायाखाली गादी अंथरलेली, अंगावर मखमल. देशमुख सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते, "टँकर आला की उसाला सोडनार. आमच्या हिरीला पानी हाय, प्यायची काय फिकीर न्हाई."

आणि अगदी कडेला आमचा मल्लाप्पा. चाकूरकडच्या एका वाडीवरचा, बाजारच्या दिवशी माझ्या दुकानात येणारा. त्याच्या मागं वाडीतल्या सात-आठ बायका रिकाम्या घागरी घेऊन मातीत बसलेल्या. टँकर मिळाला तर त्याच्यावरच बसून जायचं, म्हणून घागरी सोबतच आणलेल्या. मल्लाप्पाच्या हातात सुती दोरी, आणि दोरीला एक कुत्रं. पांढरंशुभ्र! त्या वर्षी धुतलेलं कुत्रं सोडा, धुतलेला माणूस बघायला मिळत नव्हता. मी जागीच थबकलो.

"अण्णा," मल्लाप्पा दबक्या आवाजात म्हणाला, "एक सांगायचं व्हतं. हे कुत्रं..."

"एक शब्द न्हाई!" मी ओरडलो. सगळं मैदान वळून बघायला लागलं. मला बरंच वाटलं. "वळख दुकानात. हितं मी परीक्षक हाय!"

"पर अण्णा, आधी ऐका तर..."

"मल्लाप्पा, अजून बोललास तर बाद करीन!"

मी कामाला लागलो. एकेका कुत्र्याचं तोंड मीटरनं मोजलं, छाती मोजली, चिमटीत कातडी धरून पोत बघितला. बिजलीजवळ गेलो. मीटर दिसताच ती गुरगुरली आणि तिनं माझ्या धोतराचा काठ धरला. धोतर गेलं असतं तर नवा जिल्हा जन्मभर विसरला नसता! मी लगेच ठरवलं, स्वभाव वाईट.

मग मल्लाप्पाचं कुत्रं. तोंड लांब? लांब. छाती खोल? एकेक बरगडी मोजून घ्या. पोट? पोट नव्हतंच, नुसती पाठ होती. आणि मी मीटर वर उचलला मात्र, त्यानं काय केलं ठाऊक आहे? पुढचे दोन्ही पाय पसरले, मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले.

"बघा!" मी मामांना म्हणालो. "ह्याला म्हणतात अदब. खानदानी जनावर परीक्षकाला सलाम करायलंय!"

मग ते हळूच सरपटत माझ्याजवळ आलं आणि माझ्या चपलेवर हनुवटी टेकवली. गर्दी "वाहवा" म्हणाली. माझे डोळे भरून आले हो! मामांनी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, बाजूला बसून फोटो काढून घेतला, आणि मी भाषण ठोकलं. वशिला कसा मोडला पाहिजे, नव्या जिल्ह्यात न्याय कसा झाला पाहिजे, बरंच काही. घागरीवाल्या बायका उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मल्लाप्पा तेवढा घाम पुसत होता.

देशमुख तावातावानं पुढं आले. "ह्ये कारवानी? मग सोडा पळायला बिजलीसंगं! समद्यांना दिसू द्या!"

मी कच खाणारा माणूस नव्हे. "सोडा!" म्हणालो.

मैदानाच्या त्या टोकाला एक जण फडकं हलवत उभा राहिला. दोन्ही कुत्री सोडली. बिजली बाणासारखी फडक्याकडे गेली. आमचा विजेता वळला, आणि मैदानाभोवतीची दोरी ओलांडून उलट्या दिशेनं सुटला. काय वेग! "बघा बघा," मी ओरडत होतो, "बिजली किती मागं राहिली!"

ते फाटकातून रस्त्यावर. त्याच्यामागं मल्लाप्पा, त्याच्यामागं धोतर सावरत मी, मग मामा, देशमुख, घागरी घेतलेल्या बायका आणि अर्धं लातूर. भाजीवाल्यांच्या मधून, भांड्यांच्या आळीतून, गोलाईला वळसा घालून ते पळालं आणि एका दुकानाच्या पायरीवर जाऊन थांबलं. तीन गिरक्या घेतल्या, हार एका बाजूला सारला आणि अंगाचं मुटकुळं करून पडलं.

दुकान कुणाचं, ते सांगायला पाहिजे का?

आतून आमची मंडळी बाहेर आली, हातात चतकोर. "कुठं उलथला होतास रं बंड्या सकाळधरनं? आन् आंगूळ कुनी घातली ह्याला? हितं मानसाला प्यायला न्हाई!"

मी मीटर पाठीमागं लपवायला बघत होतो.

मल्लाप्पानं हात जोडले. "अण्णा, तेच सांगायलो होतो की! आमच्या वाडीत कारवानी न्हाई. नुसती तहान हाय. ठेसनाच्या नळाखाली धुतलं ह्याला. म्हनलं, नंबर काय मिळनार न्हाई, पर आपल्या पायरीवरचं कुत्रं बघून अण्णा हासतील, टँकरसाठी मामाला दोन शबूद बोलतील. तुमी तर पयलाच नंबर देऊन टाकला!"

आता बाजार जो हसला, तो मला अजून ऐकू येतो. लाज वाटली हो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. देशमुख म्हणाले, "चला अण्णा, निकाल फिरवा."

फिरवणारही होतो. तोंड उघडलंसुद्धा. पण समोर त्या बायका. पळून पळून धापा टाकत होत्या, घागरी कमरेवरच. त्या हसत नव्हत्या. आणि पलीकडे देशमुखांचा ऊस.

मी मीटर पुढं काढला आणि पायरीवर आपटला. बंड्या दचकून उठला, पण आज मीटर त्याच्यासाठी नव्हता. "निकाल फिरनार न्हाई!" मी म्हणालो. "तोंड लांब, छाती खोल, पोट पाठीला. तिन्ही हायत. कुनाला शंका असंल त्यानं मोजून घ्यावं!"

"अवो, ते उपाशी हाय म्हनून पोट पाठीला!" देशमुख ओरडले.

"उपाशी चालत न्हाई असं नियमात कुठं हाय?"

सगळे मामांकडे बघायला लागले. मामांनी घसा साफ केला. त्याच कुत्र्याबरोबर त्यांचा फोटो निघाला होता, आणि तो कलेक्टरसाहेबांकडे जायचा होता. "परीक्षकाचा निकाल शेवटचा," ते म्हणाले. टँकर वाडीला गेला, घागरीवाल्या बायका त्याच्यावरच बसून गेल्या.

पुढच्या बाजारच्या दिवशी मल्लाप्पा दुकानात आला. दोन बायका सोबत, एकीच्या डोक्यावर पितळेची कळशी, वर ओलं फडकं. "अण्णा, टँकरचं पानी आनलंय. वाडीनं ठरवलं, मानाचं पयलं पानी हितं द्यायचं."

मला भरून आलं. म्हटलं, हसला बाजार तर हसू दे, कुणाला तरी किंमत आहे. टोपी नीट केली, गादीवरून उतरलो, पायरीशी आलो आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

मल्लाप्पा माझ्या ओंजळीला वळसा घालून खाली वाकला आणि बंड्याच्या फुटक्या खापरात पाणी ओतलं.

"मल्लाप्पा," मी म्हणालो, "निकाल मी दिला होता रे!"

"दिलाव की अण्णा. पर इतके दिस पोट पाठीला लावून बसलं कोन? त्येच की."

आतून आमच्या मंडळीचा आवाज आला. "असं कसं म्हनता मल्लाप्पा? ह्यांचं बी श्रेय हाय त्यात. रोज मीटर आपटून भाकरीवरनं उठवलं, तवा कुठं ते कारवानी झालं!"