दाजींचं ह्यॅक

आमच्या दाजींना 'शी' म्हणता येत नाही. ते आधी नाकपुड्या फुगवतात, मग घसा खाली ओढतात आणि तिथून जे वर येतं ते 'ह्यॅक'. त्यात 'ह' कमी आणि घसा जास्त. मला ते जमायला आख्खी मे महिन्याची सुट्टी लागली. जमलं त्या दिवशी आजी चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती न वळता म्हणाली, "आता काय पडलं तुमच्या ताटात?"

दाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. पनवेलच्या खाडीकडचं गाव, आणि जन्म गेला मिठागरात. सगळं गाव त्यांना दाजी म्हणतं, म्हणून आम्हीही. त्यांच्या घरात बारा महिने सुक्या बोंबलांचा वास असतो, तेव्हा या माणसाला कशाची घाण वाटायचं कारण नाही. बोंबील चालतात, खाडीचा काळा चिखल चालतो. ह्यॅक कशाला, तर हॉटेलातल्या कपाला. एसटीच्या सीटला. लग्नाच्या मांडवातल्या लोडाला, कारण त्याला "गावभरच्या टकल्यांचं तेल" लागलेलं असतं. आणि सगळ्यात मोठं, लांबलचक ह्यॅक माझ्या पप्पांना. म्हणजे त्यांच्या सेंटला. पप्पा मुंबईला ऑफिसात जातात आणि मानेवर, मनगटावर, रुमालावर इतका सेंट मारतात की रिक्षावालासुद्धा मागे वळून बघतो. ते घरात शिरले की दाजी उठून ओटीवर. "आदी त्याचा वास आला," ते म्हणतात, "मंग जावाय आला."

शहाण्णवच्या दिवाळीनंतर दाजींचा डावा कान वाजायला लागला. मग त्याने ऐकू येईना. मग एक दिवस बांधावरून चालता चालता ते सरळ खाली मिठाच्या वाफ्यात जाऊन बसले, आणि वर ओढणाऱ्यांना म्हणाले की मीच बसलोय. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आत गाठ असू शकते. असली तर लवकर काढायची, नाहीतर आज तोल जातोय, उद्या चालणंच जाईल. पण आधी एमआरआय.

एमआरआय म्हणजे माणसाला फळीवर झोपवून बोगद्यात सरकवतात. पहिल्या वेळी आई घेऊन गेली. दाजींनी तिथे घालायचा हॉस्पिटलचा झगा नुसता बघितला आणि घरी आले. "ह्यॅक. कोन कोन मेलं असंल त्याच्यात."

दुसऱ्या वेळी मी आणि आजी बरोबर होतो. तिथे सत्यजीत नावाचा तंत्रज्ञ होता. तो विमानातल्या सूचनेसारखं बोलायचा, नाकातून आणि हसून. "काका, एकदम रिलॅक्स. अर्धा तास फक्त. डोळे क्लोज करायचे आणि काहीतरी छान इमॅजिन करायचं. सनसेट वगैरे."

"सनसेट मी रोज बगतो," दाजी म्हणाले. "त्यासाटी पायपात कशाला जाऊ?"

त्यांच्या हातात रबरी फुगा दिला, काही वाटलं तर दाबायला. फळी खांद्यापर्यंत आत गेली आणि त्यांनी तो लिंबासारखा पिळला. बाहेर आल्यावर म्हणाले, "ह्यॅक. आत कोनीतरी ओकलंय."

मी मुद्दाम वाकून वास घेतला. काही नव्हता. ती खोली नुकत्याच धुतलेल्या ताटासारखी होती. पण दाजींना उतरवायला मी हात धरला, तर तळवा ओला आणि बर्फातून काढलेल्या पापलेटासारखा थंड. ते माझ्याकडे बघत नव्हते.

परतीच्या जीपमध्ये ते दारापाशी बसून झग्याला, उशीला, सत्यजीतच्या दातांना नावं ठेवत राहिले. मी लगेच सुरू झाले, "ह्यॅक, आत कोनीतरी..." आणि आजीने मला मांडीला असा चिमटा काढला की पुढचं 'ओकलंय' खरंच ओकल्यासारखं आलं.

घरी तिने मला मागच्या पडवीत ओढलं. "नक्कल करतेस, पन ऐकत नायस. किळस नाय ती. भ्या हाय."

"दाजींना?"

"लगीन झाल्यापासून मोरीच्या दरवाजाशी मी उबी रातंय. कडी लावत नायत ते. कोनी इचारलं तं सांगतात, आत वास मारतो."

तेव्हा सगळं जागेवर बसलं. पावसातसुद्धा ओटीवर झोपणं. जीपमध्ये दाराची जागा. मांडवात नेहमी कडेला. दरवेळी आधी ह्यॅक, मग बाहेर. आणि मी इतके दिवस फक्त ह्यॅकच पाठ करत होते.

झोपेचं इंजेक्शन देता येईना, कारण दाजींच्या हृदयाचे ठोके मधेच चुकतात. डॉक्टरांनी तिसरी तारीख दिली आणि म्हणाले, "या वेळी पळालात, तर मी काय कान लावून गाठ ऐकू?"

मग आजीने सराव काढला. घरासमोरच्या बांधावर शेजारच्या धर्मराजची होडी डांबर लावायला पालथी घातली होती. एका बाजूने विटा लावून उचललेली, माणूस सरपटत आत जाईल एवढी.

"येडी झालीस काय," दाजी म्हणाले.

"शिरा आत. नायतं परेशला बोलवीन. तो शेजारी बसंल."

परेश म्हणजे पप्पा. दाजी आत शिरले. मी फटीशी तोंड लावून पालथी पडले, आणि तो वास मला आयुष्यभर पुरेल. ओलं डांबर. त्याच्याखाली कुत्र्यांनी ठेवलेली आठवण. कुणीतरी पिंक टाकलेली, तीही ताजी. आणि कोपऱ्यात एक मेलेला खेकडा, त्याचं आता पाणी होत आलेलं.

क्षणभर आतून नुसता श्वास ऐकू आला, घाईघाईचा. मग नाकपुड्या फुगल्याचा आवाज. मग ह्यॅक. आणि मग दाजी सुटले. धर्मराज, धर्मराजचा बाप, त्यांची कुत्री, पिंक टाकणारा, त्याला तंबाखू विकणारा, कुणालाच सोडलं नाही. पिंक कुणाची असेल यावर ते बराच वेळ विचार करत होते आणि प्रत्येक नावाला वेगळी शिवी देत होते. बाहेर आले ते धर्मराजला शोधायला निघून गेले.

आजी घराच्या दारात उभी होती. "भात शिजला," ती हळूच म्हणाली. "चुलीवर ठेवला तवा ते आत गेलते. अर्धा तास झाला."

किळस आली की भीतीला जागाच उरत नव्हती. पण त्या मुंबईच्या खोलीत घाण कुठून आणायची? मेलेला खेकडा सत्यजीतने आत येऊ दिला नसता. आजी आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि एकदमच आमच्या डोक्यात पप्पा आले.

पप्पांकडे रुमाल मागितला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे त्यांना माझी किळस येते, ती आता ट्रीटमेंट झाली?"

"औषद कडूच असतं, जावायबापू," आजी म्हणाली. पप्पांनी रुमालावर सेंट मारला. मग जरा थांबून, रागानेच असेल, आणखी दोनदा मारला.

मशीनच्या खोलीत धातू चालत नाही आणि आजीच्या पाटल्या साबण लावूनही निघेनात. म्हणून आत मी गेले, कानातलं आणि पिना काढून. सत्यजीत म्हणाला, "काका, हलायचं नाही, बोलायचं नाही. ओके?" मी रुमाल झग्याच्या गळ्यात खोचला. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना विष घातलंय. पण बोलायची बंदी होती. फळी सरकली.

मशीन पत्र्यावर घण मारल्यासारखं वाजायला लागलं. मी त्यांच्या पायाचा अंगठा धरून उभी होते. पहिल्यांदा तो काडीसारखा ताठ झाला. फुगा धरलेली बोटं मला दिसत होती, ती हळूहळू मिटत होती. मग सेंटचा वास माझ्यापर्यंत आला. बंद बोगद्यात तापून तो आणखी वाईट झाला होता, म्हशीला गजरा घालून गटारात बसवल्यासारखा. आणि दाजींच्या पायाची बोटं फाकली. एसटीच्या सीटवर बसताना फाकतात तशी. ते आत मनातल्या मनात पप्पांना बोलत होते.

मधे घण थांबले, आणि त्या शांततेत अंगठा पुन्हा ताठ झाला. फुग्यावरची बोटं मिटायला लागली. मी वाकले, बोगद्याच्या तोंडाशी तोंड नेलं आणि घसा खालपर्यंत ओढून एक अस्सल ह्यॅक सोडलं.

"काका," स्पीकरमधून सत्यजीत नाकात म्हणाला, "प्लीज, बोलायचं नाही."

दाजींनी फुग्यावरची पकड सोडली.

बाहेर आले तेव्हा झगा पाठीला चिकटला होता. त्यांनी रुमाल जमिनीवर फेकला आणि अर्धा तास साठवलेलं सगळं तिथेच बाहेर काढलं, पप्पांच्या खानदानापासून सत्यजीतच्या सनसेटपर्यंत. रांगेतली एक बाई आपल्या नवऱ्याला घेऊन लांब जाऊन बसली. मी ते सगळं लक्षात ठेवलंय, पण इथे लिहिता येणार नाही.

गाठ होती, चिंचोक्याएवढी. काढली. डावा कान गेला तो गेलाच, पण दाजी बांधावरून सरळ चालतात. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिन्यांनी पुन्हा एकदा त्या मशीनमध्ये जाऊन यायचं.

त्यानंतरच्या रविवारी पप्पा आले. त्यांनी मुद्दाम नवा, सौम्य सेंट लावला होता. "दाजी, आता लाइटवाला वापरतो," ते दारातूनच म्हणाले. "तुम्हाला त्रास नको."

दाजींनी नाकपुड्या फुगवल्या. मी तयारीत होते, घसासुद्धा खाली ओढून ठेवला होता. पण ह्यॅक आलं नाही.

"हे पानी झालं," दाजी म्हणाले. "ती जुनी बाटली फेकू नको. मना परत जायचंय." आणि उठून ओटीवर जाऊन बसले.