टॉवेलाखालचा भाव
बराखीत, म्हणजे आमच्या कांदाचाळीत, साठवलेल्या कांद्याला सडका वास सुटला की मला थोरल्या चुलत्यांचा टॉवेल आठवतो. मंचरच्या बाजारात माल कधी न्यायचा, हे ठरवायला आम्ही दोघं बराखीपाशी बसलो होतो आणि मी फोनवर ट्रॅक्टरचा फुकटातला गेम खेळत होतो. गेम झकास, पण घडीघडीला जाहिरात, आणि ती बंद करायची फुली मुंगीएवढी! "खालचा थर लई सडलाय," चुलते म्हणाले आणि लगेच स्क्रीनवर कांद्याची सड थांबवणारी पावडर झळकली. मी चपापून फोन समोरच्या क्रेटला टेकवून ठेवला. चुलते त्याच्याकडे अनोळखी पावण्याकडे बघावं तसे बघत राहिले. "ह्यो नक्की कुणाचा माणूस हाय रं? आता भाव तोंडानं बोलायचा न्हाई." मग बैलबाजारात दलाल करतात तसा त्यांनी खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला आणि त्याखाली माझी बोटं दाबून, माल कितीला सोडायचा ते सांगितलं. दोघांपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. फोन तेवढा आमच्याकडे तोंड करून उभा होता. संध्याकाळी गेम उघडला, तर पहिलीच जाहिरात टॉवेलांची. योगायोग असेलही. पण तेव्हापासून मी घेतलेल्या प्रत्येक फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी असते.