पप्पांचे पाय कुणीकडं

भूत, चकवा, करणी... असलं काही मी मानत नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला लिंबू-मिरची सुचवणार नाही. चिकलठाण्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उलटी फिरणारी थ्री-फेज मोटार दोन वायरी बदलून सुलटी करायची — माझं सगळं अध्यात्म एवढंच.

तर, बारा वर्षांपूर्वी पप्पा वारले. आम्ही ख्रिस्ती. छावणीकडच्या कबरस्थानात आमच्या माणसांना पूर्वेकडं पाय करून निजवतात. प्रभू पूर्वेकडून येणार. मेलेले उठून बसतील तेव्हा त्यांची तोंडं त्याच्याकडं असावीत म्हणून. पप्पांच्या वेळी नेमका फाटकात पाण्याचा टँकर फसला. आम्ही पेटी मागच्या पडक्या भिंतीकडून आत आणली, आणि आणली तशीच खाली सोडली. पूर्वेच्या कडुलिंबाखाली उभं राहून डोक्याकडचा दोर मीच धरला होता.

आई ओरडली, "अरे, उलटं निजवलं रे त्यांना!"

"आई, गप बस," मी म्हणालो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलतेय. आठ दिवसांनी फोटो आले. माझ्या पाठीशी कडुलिंब, आणि माझ्या दोराला पेटीची रुंद, खांद्याकडची बाजू... झालं! तिथून माझ्या आयुष्याची वाट लागली.

उकरायचं तर सरकारी परवानगी, आणि चर्चचे पाळकसाहेब अर्जावर सही करेनात. "बाई, स्वर्गात पूर्व-पश्चिम नसते," म्हणाले.

"तिथं नसंल. पण उठायचं तर इथूनच ना?" आई म्हणाली. "हे उठणार मावळतीला, दौलताबादकडं तोंड करून. तसेच चालू लागतील सीताफळं खायला!"

"स्वर्गात नवरा-बायको हे नातं उरत नाही, बाई. वचनातच आहे."

"लगीन कोण मागतंय? वळख बी द्यायची नाय का?"

पाळकसाहेब चहा अर्धा टाकून निघाले.

खरं दुखणं वेगळंच होतं. पप्पा आयुष्यभर आईच्या वीस पावलं पुढं चालले. बाजार असो, लग्न असो, चर्च असो, मागं बघणं नाही. एकदा तर तिला जालन्याच्या स्टँडवर विसरून एकटेच एसटीनं घरी आले, आणि मलाच विचारतात, "तुझी आई कुठंय?" आईला एवढंच पाहिजे होतं, की त्या शेवटच्या दिवशी तरी दोघांनी शेजारी-शेजारी उठावं, एकाच दिशेला बघत. बाजूची जागा तिनं धरून ठेवली होती. पण धमकीसकट — "ते वळले नाय तर मला तिथं पुरू नका."

मग काय, दर रविवारी चर्च सुटलं की मी, स्कूटर, मागं आई, तिच्या मांडीवर घडीची खुर्ची. कबरीशेजारी बसून ती ओरडायची, "अहो, वळा! वळा आता!" आवाज असा की चिकलठाण्याला उतरणारं विमान वळून परत मुंबईला गेलं असेल. पप्पा वळेनात. बारा वर्षं! उन्हात माझी टाळू भाजून निघाली, आणि वर टोमणा मलाच — "दुनियेच्या मोटारी सुलट्या करतो, बापाला एक सुलटा कर की!"

गेल्या नाताळाच्या आधी एका रविवारी ती ओरडलीच नाही. जरा वेळ बसली, मग खुर्चीची घडी केली. "चल."

"का गं?"

"वळले. आता यायला नको."

"तुला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? लई वर्षं संसार केलाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. दोन महिन्यांनी आई गेली.

शेजारचा खड्डा सलीमचाचा खणत होते. तिथले सगळे खड्डे त्यांच्याच हातचे. भर दुपार, मी काठावर. तेवढ्यात दोन कबरींमधली माती ढासळली आणि पूर्वेच्या टोकाला पप्पांच्या पेटीची कुजकी फळी निखळली. चाचांची कुदळ थांबली.

"दावीदभाई, तुम तो बोले थे, झाड की तरफ सर है."

"हां चाचा. उधरच है."

"इधर तो बूटाँ हैं."

मी खाली उडी मारली. पेटी होती तशीच — रुंद बाजू कडुलिंबाकडं, फोटोतल्यासारखी. पण त्या रुंद बाजूत, डोकं असायचं तिथं, पप्पांचे काळे बूट. टाचा खाली, टोकं वर. डाव्या बुटाला पांढरी नाडी... काळी तुटली म्हणून मीच ओवली होती. त्याच रुंद बाजूला अख्ख्या मंडळीनं त्यांचा चेहरा शेवटचा पाहिला होता. झाकणाचे खिळेही मीच ठोकले होते.

चाचा म्हणाले, "पेटी में करवट लेने को जगा नै रहती, बेटा." आणि फळी गुपचूप जागेवर लावली.

आईला तिच्याच जागी निजवलं. पेटी सोडण्याआधी मी मोबाईलवर कंपास काढून तीनदा दिशा तपासली. पाळकसाहेब चिडले. चिडू देत.

मी अजून रात्री... रात्रीच कशाला, भर दुकानात मोटार उघडी टाकून विचार करत बसतो. फरक एवढाच पडला, की गुलमंडीच्या बाजारात माझी बायको मार्था हिच्या पुढं एक पाऊल टाकायची माझी छाती होत नाही. अगदी शेजारून चालतो, गर्दीचे धक्के खातो. ती वैतागते, "अहो, पुढं व्हा की! रस्ता अडवलाय सगळा!"

होत नाही. आमच्या पोराकडं स्कूटर आहे, पण बारा वर्षं उन्हात उभं राहायचा दम त्याच्यात नाही.