गोऱ्या बाळाचं चित्र

"तू मागल्या दारान यो. सकाळी उठल्यार तिची नदर पयली ह्या चित्रार पडूंक जाय. तुज्यार न्हय."

सकाळी सुनेची पहिली नजर चित्रावर पडायला हवी, माझ्यावर नको, हे काकी अगदी सहज म्हणाल्या. भाजी कशी चिरायची ते सांगावं तसं. गोव्यातल्या साखळी गावात त्यांचं घर. मी धुण्याभांड्याला जायची, सकाळची पेजही करायची. आत पलंगासमोरच्या भिंतीवर नवं चित्र होतं. गोरंपान बाळ, सोनेरी कुरळे केस, निळे डोळे, फुलांच्या टोपलीत बसवलेलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं. वहिनी, म्हणजे काकींची सून, पाचव्या महिन्यात होती. गरोदर बाई जे बघते तसं मूल होतं, असं त्या घरात मानत. आमच्याकडेही मानतात.

मीसुद्धा गरोदर होते. पोट दिसत होतं. त्याचं तिथे कुणाला काही नव्हतं.

मी काळी आहे. आईबाप बेळगावकडून बांधकामावर आले, माझा जन्म इथलाच. काळी म्हणून शाळेत पुष्कळ ऐकलं होतं. पण मला नुसतं बघितलं तरी दुसरीच्या पोटातलं मूल बिघडतं, हे पहिल्यांदाच कळलं. माझ्या हातची पेज चालत होती. मी घासलेलं ताट चालत होतं. तोंड तेवढं चालत नव्हतं.

तरी मी मागच्या दाराने जाऊ लागले. नवऱ्याचं खाणीवरचं काम बंद पडलेलं, मी काम सोडून करणार काय. वहिनी खोलीतून बाहेर आल्या की मी मोरीत सरकायची. त्या स्वभावाने बऱ्या होत्या. पण हे राहू दे, असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

गंमत म्हणजे त्या घरात निळे डोळे कुणाचेच नव्हते. एकदा कपाट पुसताना काकींच्या मुलाचा लहानपणचा फोटो सापडला. सावळा, नाक वाहतंय, आणि तोंडभर हसतोय. चादरींच्या घडीखाली ठेवला होता. परकं बाळ भिंतीवर आणि पोटचा पोर कपाटात. मला काकींची कीव आली आणि रागही आला.

मग एका शुक्रवारी त्यांनी माझ्यासाठीही तसंच चित्र आणलं. गुंडाळी हातात ठेवून म्हणाल्या, "तुकाय एक हाडलां. पोर तरी उजळ जातलें." माझंही पोर उजळ होईल म्हणे.

घरी सासूबाई हरखल्या. खळ करून त्यांनी ते मी झोपायचे त्या जागेसमोर चिकटवलं. नवरा म्हणाला, बरं दिसतंय. मी बघत पडून राहिले. पोटात माझं बाळ लाथा मारत होतं. आणि एकदम डोक्यात आलं. हे अजून जन्मलंही नाही, आणि आम्ही सगळे मिळून त्याला सांगतोय की तू नको, ते हवं. काकी मला जे करत होत्या, तेच मी माझ्या लेकराला पोटात असतानाच करत होते.

उठले. नखांनी ते चित्र भिंतीवरून खरवडून काढलं. सासूबाई अपशकुन म्हणून रडायला लागल्या. रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या दाराने गेले. वहिनी पलंगावर बसल्या होत्या, काकी शेजारी. मी दोघींच्या समोर उभी राहिले.

"काकी, माझं मूल माझ्यासारखंच होऊ दे. आणि मी मागच्या दाराने यायची नाही."

काकी म्हणाल्या, मग उद्यापासून येऊच नको. वहिनींनी मान खाली घातली. मी निघाले.

मुलगी झाली. माझ्याहून काळी. वर्षाची झाली तेव्हा फोटो काढायला नेली. फोटोवाल्याने न विचारताच कॉम्प्युटरवर तिचा चेहरा गोरा केला. सगळे तसाच मागतात, म्हणाला. मी तो घेतला नाही. आहे तसा छापायला लावला आणि छापून होईपर्यंत त्याच्या काउंटरसमोरून हलले नाही.

तिला हे सगळं ऐकावं लागणार आहे. शाळेत, लग्न ठरवताना, लोकांच्या ओसरीवर. माझ्या घरात मी ऐकू देणार नाही. आणि बाहेर कुणी तिला बघून तोंड फिरवलं, तर मी तिला घेऊन तिथेच उभी राहीन. तो माणूस तिच्याकडे नीट बघेपर्यंत.