खिडकी लावली का?

एसीचा फिल्टर धुवायला काढला की कळतं, वर्षभरात किती धूळ बसली ते. किस्स्यांचं तसंच आहे. रोज एकेक बसत जातो, आपल्याला पत्ताही नसतो. परवा सलीमभाईंचा फोन आला. "अपना वो क्लास याद आता क्या रे?" एवढंच विचारलं. फोन ठेवल्यावर माझं कशातच लक्ष लागेना, म्हणून हे लिहायला बसलो.

क्लास अमरावतीचा. एसीचं काम शिकवणारा, पण जरा वेगळा. खोली थंड करणं हे एकट्या मशीनचं काम नाही, भिंत, खिडकी, छत, वायर सगळ्यांनी मिळून ते करायचं, असं आमच्या वानखडे सरांचं म्हणणं. सरांचं अर्धं आयुष्य अकोल्यात कूलर बनवण्यात गेलेलं. आमच्या गटात तिघं. अकोल्याच्या जुन्या शहरातले सलीमभाई वयानं मोठे, वायरिंगवाले. तेल्हाऱ्याच्या गजूच्या घरी कपाशी, आणि त्याच्या हातात दोन माणसांचा जोर. तिसरा मी, भाजीवाल्याच्या घरचा, नववीत शाळा सुटलेला. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागच्या मागं सटकायचो.

आणि सरांची अट नेमकी तीच होती. शेवटी एक खरी खोली करून द्यायची आणि मालकासमोर उभं राहून आपलं काम समजावून सांगायचं. जो सांगणार नाही त्याला कामावर पाठवणार नाही, मग मशीन कितीही झकास बसवो.

क्लासच्या राहायच्या खोलीत मी पहिल्याच संध्याकाळी घरी जायची पिशवी भरली. गजूनं ती उशाला घेतली आणि झोपला.

*

आपल्याकडे कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा. वऱ्हाडात हे लेकराला कुणी शिकवत नाही, ते येतंच. एसीचं बरोबर उलटं. क्लासमध्ये एसी चालू असायचा आणि जो येईल तो खिडकी उघडून बसायचा. सर शिकवता शिकवता मधेच विचारायचे, "खिडकी लावली का?"

एकदा त्यांनी गजूला धरलं. काहून उघडली?

"सर, मंग हवा कोठून जाईन?"

"कोठीच नाई जात. तिले इथंच ठेवाची हाय."

गजूनं बराच विचार केला. "म्हंजे जावयासारखी."

*

खोलीतली फट शोधायची सरांची एक पद्धत होती. जुन्या कूलरचा पंखा प्लायवूडमध्ये बसवून दारात लावायचा, तो आतली हवा बाहेर फेकणार. मग पेटती अगरबत्ती हातात धरून खिडक्यांच्या कडेनं, कोपऱ्यांतून, स्विचबोर्डाजवळून फिरायचं. जिथं धूर वाकडा होतो तिथं फट.

पहिल्यांदा आम्ही हे एका काकूंच्या घरी केलं. गजू अगरबत्ती घेऊन गंभीर चेहऱ्यानं निघाला. काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून त्याच्या मागं चालू लागल्या. एका स्विचबोर्डापाशी धूर झपकन वळला. गजू थांबला, काकूही थांबल्या. आत गेल्या, करंडा आणला आणि बोर्डाला हळदकुंकू वाहिलं.

काम संपल्यावर आम्हाला शिरा मिळाला. बोर्डाची फट बुजवायची राहिली होती. सलीमभाईंनी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि शिरा खात म्हणाले, "अब इस बोर्ड को पेचकस मैं नहीं लगाता, भाऊ."

*

सकाळी काम सुरू करायच्या आधी गोल करून बसायचं आणि आज भिंतीत कोण काय करणार ते प्रत्येकानं सांगायचं, असा क्लासचा नियम. त्याची सुरुवात अशी झाली.

सलीमभाईंनी वायरसाठी एक भोक पाडून ठेवलं आणि चहाला गेले. गजूला वाटलं, फट राहिली. त्यानं ती इतकी मनापासून बुजवली, वरून असा हात फिरवला की नवी भिंत. सलीमभाई परत आले आणि हातात वायर घेऊन भिंतीभर भोक शोधू लागले. इथंच तर होतं, म्हणत होते. गजूही त्यांच्याबरोबर शोधत होता!

सरांनी हे पाहिलं आणि माझ्याकडे वळले. "तुले दिसलं होतं ना?"

मी मान हलवली.

"मंग बोलला काहून नाई?"

दुसऱ्या सकाळपासून गोल सुरू झाला.

*

माझं काही खरं नाही हे ओळखून दोघांनी चहाच्या टपरीवर माझी तयारी सुरू केली. फटी बुजल्या की लहान मशीनही पुरते हे मी पटवायचं, आणि गजू मालक व्हायचा. मशीन लहान काहून, मोठी आण, पैसा मी देऊन राहिलो का तू, असं टेबल आपटून भांडायचा. मी जेमतेम एक वाक्य बोललो की तो पुढं दहा ऐकवायचा. शेवटी टपरीवाल्या काकांनाच राहवलं नाही.

"लावू दे ना त्याले लहान मशीन. गरीब पोरगं हाय."

*

आमची शेवटची खोली म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या मुलांची एक अभ्यासिका. आम्ही छताला पांढरा रंग दिला, फटी बुजवल्या, लहान एसी बसवला, खिडक्यांना नवं रबर लावलं. रबर इतकं घट्ट बसलं की कडी उघडताना गजूलासुद्धा दोन्ही हात लावावे लागायचे. एका हातानं ती हलायचीच नाही. ही आता चोरालेबी नाई उघडत, म्हणाला.

मालकाला खोली दाखवायचा दिवस आला. मे महिना, भर दुपार, एसी चालू. मालक, त्यांचे भाऊ, काही पालक, आणि मागं चहाचा ग्लास घेऊन सर. गजू बोलला, सलीमभाई बोलले. मग माझी पाळी. मी फरशीकडे पाहत उभा राहिलो. मालकांनी घड्याळ पाहिलं. गजू माझ्याकडे पाहीना.

तेवढ्यात सर उठले, गरम होऊन राह्यलं म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी कडी ओढून खिडकी उघडली.

झळ आत आली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मालकांचे भाऊ तर म्हणाले, हां, आता बरं.

"सर, खिडकी," मी म्हणालो.

"काय झालं खिडकीले?"

"लावा ना. कूलर नाई हाय हा."

आणि मग मी थांबलोच नाही. छताला पांढरा रंग कशासाठी, हवा कुठून पळत होती, रबर कुठं लावलं, सगळं सांगितलं. मालकांनी विचारलं, मशीन मोठी काहून नाही? तेही सांगितलं. गजूच्या मानानं ते फार सोपे मालक होते.

परत येताना ऑटोत सर पुढं ड्रायव्हरजवळ बसले होते. सलीमभाई हसत म्हणाले, "सर, आज तो आपसे भी भूल हो गई."

"कूलरवाला माणूस हाय बाबा मी," सर म्हणाले. "खिडकी दिसली की हात आपोआप जाते."

सलीमभाई आणखी हसले. मग गजू माझ्या कानाशी वाकला.

"त्याईनं पहिले चहाचा गिलास खाली ठेवला होता बे."