मागच्या बाकावरचा पाहुणा

केंदूरच्या धनगरवस्तीत म्हस्कूची एक खोड सगळ्यांना ठाऊक आहे. चैत्रातल्या बिरोबाच्या जत्रेत कपाळाला भंडारा लावायची वेळ आली, की तो पुढच्या रांगेतल्या मानकऱ्यांना आणि कडक इस्त्रीच्या पुढाऱ्यांना तसंच ताटकळत ठेवतो आणि थेट मागं जातो. चपलांच्या ढिगापाशी जो कुणी टेकलेला असेल, मग तो झिंगून आलेला का असेना, त्याच्या कपाळाला पहिला भंडारा. पुढारी तोंड वाकडं करतात. म्हस्कूला त्याचं सोयरसुतक नसतं.

तसा तो चारचौघांसारखाच माणूस. बापजाद्यांनी मेंढरांमागं कोकणापर्यंतची वाट तुडवली, याच्या वाट्याला दीड एकर कांदा आणि हौसेपुरती उरलेली मेंढरं आली. पण वर्षातून एकदा, जत्रेच्या दिवशी, दिवस कलताना बिरोबा त्याच्या अंगात यायचा आणि वर्षाची भाकणूक व्हायची. पाऊस कुठून येईल, मेंढरावर रोग आहे का, कुणाच्या घरात काय जपायचं. वरवंडापासून लोक ऐकायला यायचे. खरा देव यायचा तेव्हा आधी म्हस्कूचा डावा तळपाय गार पडायचा, मग पोटरीत मुंग्या यायच्या, मग शेजारी वाजणारा ढोल लांब गेल्यासारखा वाटायचा. त्यानंतरचं त्याला काहीच आठवायचं नाही. शुद्धीवर यायचा तेव्हा तोंडात मातीची चव असायची. आपण काय बोललो हे त्याला दर वर्षी त्याची बायको भामाबाई सांगायची.

दोन हजार आठ साली पुण्यात राष्ट्रकुल देशांतल्या पोरापोरींचे खेळ भरायचे ठरले आणि इकडं शिरूर तालुक्यात लोकांच्या अंगात आलं. देशोदेशीची माणसं येणार, रांजणगावच्या गणपतीला जाणार, त्यांना खेडं बघायचं असणार. आता खेडं बघायला माणूस खेड्यात गेला असता. पण तिथं उकिरडे, गटारं आणि मोबाईलचे मनोरे. म्हणून बागायतदार पोपटरावांच्या मुलानं, विश्वजीतनं, वडिलांच्या माळावर नवं कोरं खेडं बांधायला काढलं. कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणं, न पेटवायच्या चुली. तव्यावर प्लास्टरची भाकरी, तिला रंग असा दिला होता की कुत्रंही फसावं. संध्याकाळ झाली की आपोआप लागणारे उन्हावरचे दिवे प्रत्येक खिडकीत. आणि भोवती तारेचं कुंपण.

त्या माळावर म्हस्कूची मेंढरं चरायची. माळ पोपटरावांचा, पण कुणी कधी हटकलं नव्हतं. आता तार आडवी आली आणि मेंढरं तारेला तोंड लावून उभी राहू लागली. म्हस्कू विश्वजीतकडं गेला.

"मामा, मेंढरं खुशाल आत सोडा," विश्वजीत म्हणाला. पोरगा तोंडाचा गोड. "खेड्यात मेंढरं पाहिजेतच की. फक्त तुम्ही पण या. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. आणि ते तुमचं अंगात येणं आहे ना, तेवढं पाहुण्यांना दाखवायचं."

"ते काय आपल्या हातात हाय व्हय, दादा? देव आला तर येतो."

"खरं नको हो. खोटंच करायचं. पाहुण्यांना काय कळतंय?"

म्हस्कू दोन दिवस 'नाही'च म्हणत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं पुन्हा तारेपाशी उभी दिसली आणि तो 'व्हय' म्हणून आला. भामाबाईनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"अवं, हाक मारायची आन् म्हनायचं खोटी व्हती," ती म्हणाली. "आलाच तो, तर काय देनार हाय त्याला?"

"तिथं देव न्हाईच मुळात. वढ्यातला धोंडा हाय."

आणि तो होताच ओढ्यातला. म्हस्कूनं स्वतः निवडून आणला, शेंदूर फासला, नव्या खेड्यातल्या चौथऱ्यावर ठेवला. घरचा भंडारा मात्र त्यानं तिकडं नेला नाही, शिक्रापूरच्या बाजारातली हळद वापरली. एवढी पळवाट त्यानं स्वतःसाठी ठेवली होती, आणि ती पुरेल असं त्याला मनापासून वाटत होतं.

विश्वजीतनं पाहुण्यांसाठी वेळापत्रक छापलं. त्यात पावणेसहाला चहा होता आणि सहाला देव.

दसरा झाला, खेळ सुरू झाले. खेळाडू काही माळावर फिरकले नाहीत. पोरंच ती, सकाळी पळायची आणि रात्री दमून झोपायची. पण रांजणगावचं दर्शन उरकून एक बस आली खरी, त्यात परदेशी पाहुणे होते. दारात गावातल्या अनितानं नऊवारी नेसून त्यांना ओवाळलं, हातावर गुळाचा खडा आणि तांब्यातलं पाणी दिलं. पाहुणे चौथऱ्यासमोरच्या बाकांवर बसले. वस्तीतल्या भैरूनं ढोलावर टिपरू टाकलं, आणि म्हस्कू थंडी वाजल्यासारखा अंग हलवू लागला. चांगलं जमत होतं. इतकं चांगलं जमतंय याचीच त्याला लाज वाटली.

तेव्हाच त्याला सगळ्यात मागच्या बाकावर एक माणूस दिसला. डोक्यावरून काळं घोंगडं, तोंड आत. पुढचे लोक टाळ्या वाजवत होते, तो वाजवत नव्हता. ढोलाबरोबर त्याची मान तेवढी हलत होती. खरा देव आल्यावर मान कशी हलते हे म्हस्कूनं आपल्या बापाच्या अंगात बघितलं होतं. ती तशी हलत होती.

म्हस्कूनं नजर काढून घेतली. विश्वजीतनं दौंडकडचा आणखी एखादा धनगर पकडून आणला असेल, असं त्यानं मनाशी ठरवलं. पुढं तो हळदीची वाटी घेऊन बाकाबाकानं फिरला, गोऱ्या, काळ्या, घामेजल्या कपाळांना बोट लावत गेला आणि शेवटच्या बाकाशी येऊन मागं फिरला. घोंगड्यातला माणूस तिथंच होता, हातभर अंतरावर. पण तो आपल्यातला. आपल्याला कशाला भंडारा, भंडारा पाहुण्यांना. अनिताही गुळाचं ताट घेऊन त्याच्या पुढ्यातून तशीच निघून गेली.

बस गेल्यावर त्यानं विश्वजीतला विचारलं, "मागं कोन बसिवला व्हता, दादा?"

"मागं? मागची बाकं तर रिकामी होती, मामा."

भैरूनंही कुणाला पाहिलं नव्हतं. म्हस्कूनं विषय तिथंच सोडला आणि भामाबाईला तर काहीच सांगितलं नाही. मनातली धास्ती घेऊन तो एकटाच झोपला.

खेळ आटोपले. मग मुंबईत तो भयंकर प्रकार घडला आणि परदेशी माणूस या बाजूला येईनासा झाला. रांजणगावच्या कंपन्यांतही त्या हिवाळ्यात मंदी आली. विश्वजीतनं फाटकाला कुलूप घातलं, किल्ली म्हस्कूच्या हातात दिली आणि पुण्यात प्लॉटच्या धंद्याला लागला. खेडं तसंच राहिलं. संध्याकाळ झाली की त्या कुणी न राहणाऱ्या घरांत एकेक करून दिवे लागायचे. पाळीला निघालेल्या कंपनीच्या बसमधला नवा कामगार खिडकीतून विचारायचा, ये कौनसा गाँव है? जुने कामगार सांगायचे, गाव नाही, काही नाही, उधर मत देख.

मेंढरांचं मात्र काहीतरी बिनसलं. आत मोप गवत होतं, तरी ती चरेनात. दिवस कलला की चौथऱ्याकडं तोंड करून बसायची. रवंथसुद्धा करायची नाहीत.

चैत्र आला. वस्तीवरच्या बिरोबाच्या ठाण्यापुढं माणूस मावत नव्हता. ढोल लागले, भंडारा उधळला आणि म्हस्कू देवापुढं उभा राहिला. त्यानं तळपायाकडं लक्ष दिलं. पाय ऊन होता. भैरूनं हात वाढवला, ढोल घुमू लागला, शेजारीच, अगदी कानाशी. तो लांब जाईना. लोक हात जोडून थांबले होते. कुणाच्या तरी मेंढरावर रोग होता, कुणाची लेक नांदत नव्हती, आणि वर्षाचं बी कधी टाकायचं ते सगळ्यांनाच ऐकायचं होतं. दिवस टेकडीला टेकला. वस्तीतले वडीलधारे सोपानराव हळूच म्हणाले, "वाईच थांबा. येईल."

आणि म्हस्कूचे हात हलले. थंडी वाजल्यासारखं अंग हलू लागलं, मान झुलू लागली. लोकांनी गजर केला. म्हस्कूला मात्र सगळं लख्ख कळत होतं. हे माळावरचं अंगात येणं होतं, सहा वाजताचं. आता तोंड उघडायचं आणि पाऊस बरा आहे म्हणायचं, एवढंच उरलं होतं. लोक सुखानं घरी गेले असते. त्यानं तोंड उघडलं. समोर बायकांत बसलेल्या भामाबाईनं मान खाली घातली. तिला कळलं होतं.

म्हस्कूनं हात खाली सोडले. "देव न्हाई आला," तो म्हणाला, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. त्याच्या पिढीत असं कधी झालं नव्हतं. त्याच्या बापाच्याही नाही.

घरी त्यानं भामाबाईला घोंगड्यातल्या माणसाचं सांगितलं. सांगताना तो रडला. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं.

"पानी तरी इचारलं व्हतं का त्याला?" तिनं विचारलं.

"न्हाई. आपल्यातला वाटला."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर दोघं माळावर गेले. तिच्याजवळ पिठाची पिशवी आणि पाण्याची कळशी, त्याच्याजवळ घरचा भंडारा. फाटक उघडलं. मेंढरं चौथऱ्यापुढं बसलेलीच होती, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. सहा महिन्यांची धूळ सगळीकडं साचली होती. बाकांवर तर बोटानं नाव काढावं इतकी. म्हस्कू एकेक बाक ओलांडत मागं गेला. शेवटच्या बाकावरही धूळ होती. मधोमध एका माणसापुरती जागा तेवढी स्वच्छ होती.

त्यानं पुढं हात करून वाटी धरली. "चुकलं," एवढंच त्याला म्हणता आलं. भंडाऱ्याची चिमूट त्यानं त्या रिकाम्या जागेवर, कपाळ असेल तेवढ्या उंचीवरून सोडली. ती खाली पडायला हवी होती. म्हस्कूनं खाली बघायच्या आत त्याचा डावा तळपाय गार पडला. ढोल नव्हता, तरी कुठून तरी खूप लांबून ढोल ऐकू आला.

शुद्धीवर आला तेव्हा तो धुळीत पडला होता, तोंडात माती होती आणि भामाबाई उशाला बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय म्हनाला?"

"लई काय न्हाई," ती म्हणाली. "म्हनाला, समद्या जगाला आवतन दिलं, मी बी आलो. तवापासून बसलोय. घरं हायत, दिवं लागत्यात, पर चुलीचा धूर कवा आलाच न्हाई. ज्यानं हाक मारली त्यानं जेवू घातल्याबिगर मी उठायचा न्हाई."

तिनं पदर खोचला आणि चौथऱ्यासमोरच्या घरात शिरली. तव्यावरची प्लास्टरची भाकरी उचलून अंगणात भिरकावली. चूल कधी पेटलीच नव्हती, त्यामुळं आधी नुसता धूरच झाला, डोळे चुरचुरेपर्यंत. मग जाळ धरला. तिनं भाकरी भाजली, वर मीठ-मिरची ठेवली, पाण्याचा तांब्या भरला आणि ताट शेवटच्या बाकावर नेऊन ठेवलं. दोघं पाठ करून उभे राहिले. जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघत नाहीत. मागं कुठलाच आवाज झाला नाही. थोड्या वेळानं मेंढरं एकदम उठून उभी राहिली.

म्हस्कूनं पाठमोऱ्यानंच हात जोडले. "चला घरला," तो म्हणाला.

भामाबाईनं त्याचा दंड धरला. "मागं बघू नका."

त्यांनी फाटक उघडंच ठेवलं आणि वस्तीची वाट धरली. मागं खिडक्यांत दिवे लागू लागले असावेत, कारण पायाखालची वाट उजळली होती आणि म्हस्कूची, भामाबाईची, मेंढरांची लांब सावली पुढं पडली होती. पाहुणा निघाला की तिथंच बसून राहिला, हे मागं न बघता कसं कळायचं, याचाच विचार म्हस्कू करत होता. मग मेंढरं त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढं आली. एरवी एकमेकांच्या अंगावर रेटत चालणारी ती मेंढरं आज दोन्ही कडांनी, अंग चोरून, सावकाश चालली होती. मधे एका माणसापुरती वाट त्यांनी मोकळी सोडली होती, आणि ती मोकळी वाट त्यांच्याबरोबर वस्तीकडं सरकत होती.